अडीच सेंटिमीटर ढील

गुरुवार, ६ मार्च

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद. त्यातला 'उत्तम' हा शब्द या खेपेस गाळला आहे. तो किल्लीबरोबर मिळेल.

बुधवार, ५ मार्च, सकाळी अकरा वाजून आठ मिनिटं. गॅरेजच्या घड्याळात अकरा वाजून दहा झाली होती, पण ते दोन मिनिटं पुढे असतं. त्या क्षणी तू माझ्या मोटरसायकलची किल्ली माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकलीस. वर गॅरेजवाला, त्याची दोन गिऱ्हाइकं आणि टायरच्या ढिगावरचं मांजर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, की ताईचं आता वय झालं, चेनला तेल घालायचं विसरते, हाडं शाबूत राहिली हेच नशीब. गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. मांजर तेवढं तटस्थ राहिलं.

मी सदुसष्टची आहे आणि तू एकसष्टचा. विसरण्याच्या रांगेत आपल्यात फार अंतर नाही, हे ध्यानात असू दे.

आता तेलाचं. माझी वही तू कधी पाहिली नाहीस. दर पाचशे किलोमीटरला गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची. इंजिन बंद आणि किल्ली काढलेली, कारण बोटं दहाच मिळतात. दात घासायच्या जुन्या ब्रशने मळ काढायचा, रॉकेलचं फडकं फिरवायचं, पुसून कोरडी करायची. मग चाक हाताने उलटं फिरवत खालच्या चेनवर आतल्या बाजूने थेंब थेंब तेल सोडायचं, एकही कडी न चुकवता. तासाभराने वरवरचं तेल पुसून टाकायचं, नाहीतर त्यात धूळ बसते आणि तेलाचीच कानस होते. शेवटची नोंद १ मार्चची. तारीख, किलोमीटर, सही.

तुटलेली चेन आत्ता माझ्या जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर पसरली आहे. मी ओट्याशी उभी राहून जेवते. तिच्यावर बोट फिरवलं तर अजून तेल लागतं. म्हणजे ती कोरडी नव्हती. मग तुटली का? एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात लोकांचे तराजू तपासले. शाळेतल्या सिस्टर शिकवायच्या, की चूक कुणाची ते नंतर, आधी चूक काय ते लिही. तू नेमकं उलटं केलंस. साप साप म्हणून भुई धोपटलीस.

किल्ली परत कर. माझं घर टेकाडावर, बस अर्ध्या तासाच्या चालीवर. गाडी नसली तर मी खिडकीत ठेवलेली कुंडी होते, पाणी कोण घालतं याची वाट बघणारी. दुसरी किल्ली 'हरवू नये' म्हणून दोन वर्षांपूर्वीच नेलीस, ती माझ्या मूर्खपणाची नोंद. फोन करू नकोस. फोनवर तू मध्येच बोलतोस. जे काय ते लेखी.

तुझ्या बायकोस, आपल्या शिलाईवालीस, माझे आशीर्वाद सांग. तुझ्यावरचा लोभ सध्या तपासणीसाठी ठेवून घेतला आहे.

ताई


रविवार, ९ मार्च

ती. स्व. ताईस बाळचा शि. सा. नमस्कार, वि. वि. काल शनिवारी तू दार उघडलं नाहीस, म्हणून अर्धा नमस्कार दाराबाहेरच करून आलो. उरलेला हा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं. ताई, मी चौतीस वर्षं लेथवर काढली. धातू कसा तुटतो ते मला नको शिकवू. धातू कधी उगाच तुटत नाही, दुर्लक्षाने तुटतो. वहीत नोंद आहे म्हणजे तेल घातलं, असं थोडंच आहे? आमच्या कारखान्यात नोंदी अशा सुबक असायच्या की मशीनलासुद्धा वाचून लाज वाटावी.

गॅरेजवाल्याचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर उभा राहून बल्ब घट्ट करत होतो. तो एवढंच म्हणाला, की ताईंची गाडी आली आहे, चेन तुटून. पुढचं मी ऐकलंच नाही. स्टुलावरून कसा उतरलो ते आठवत नाही, चप्पल एक माझी आणि एक हिची होती. तुला शाबूत पाहिलं आणि मग जे तोंडाला आलं ते बोललो. चारचौघांत बोललो ते चुकलंच. पण किल्ली घेतली ते चुकलं नाही. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

तेलाचं सोड, चेन निदान ओढून तरी घेत जा! तुझी चेन बघावी तेव्हा झोल खात असते. दर वेळी. वाळत घातलेल्या साडीसारखी. अशी चेन दातांवरून उडणार नाही तर काय होईल?

दुसरं म्हणजे, गॅरेजवाला म्हणतो की तू गाडी ढकलत आणलीस तेव्हा हँडलला दोन हेल्मेटं अडकवलेली होती. तुझं पांढरं मी ओळखतो. निळं कुणाचं? या वयात मागे माणसं बसवून हिंडतेस की काय?

कुठेही जायचं झालं तर मला सांग, मी गाडीने सोडीन. बँक, दवाखाना, बाजार, म्हणशील तिथे. किल्ली माझ्याकडे सुखरूप आहे, काळजी नसावी.

हिचा तुला नमस्कार. बुधवारपासून हिने शिलाईमशीनला हात लावलेला नाही, डोकं दुखतं म्हणते. राग आवरावा आणि शनिवारी दार उघडावं, ही विनंती.

तुझा बाळ


मंगळवार, ११ मार्च

चि. सौ. शिलाईवालीस अ. उ. आ., 'उ.'सकट. तुझ्या नवऱ्याचा 'उ.' सध्या जप्त आहे.

हे पत्र तुझ्याकडे टाके घालायला द्यायच्या झग्यात गुंडाळून पाठवते आहे. वाचून पत्र फाड, झगा शिव.

आधी तुझ्या डोकेदुखीचं. ती डोकेदुखी नाही, मला ठाऊक आहे. बुधवारी गाडी तू चालवत होतीस, मी मागे बसले होते, आणि चेन तुझ्या हाताखाली तुटली, म्हणून तू स्वतःला दोषी धरून बसली आहेस. तसं करू नकोस. निदान मी सिद्ध करेपर्यंत तरी थांब. गोदामांमागच्या त्या मैदानावर अकरा बुधवार तू शिकलीस, एकदाही पाडलं नाहीस. माझ्या पहिल्या अकरा बुधवारांबद्दल मी बोलणार नाही.

आता ऐक, काय विचित्र गोष्ट आहे. चेन वापराने सैल होते. कड्या झिजतात आणि ती लांबते. त्यामुळे ती मधूनमधून घट्ट करावी लागते, पण बेताने. गाडी स्टँडवर असताना खालची चेन बोटाने वर उचलली तर मधोमध अडीच सेंटिमीटर हलली पाहिजे. ही ढील लागतेच, कारण माणूस बसला की मागचं चाक वर सरकतं आणि चेन ताणली जाते. मी दर महिन्याला पट्टी लावून मोजते. आणि गेल्या वर्षभरात माझ्या वहीत सात वेळा एकच ओळ आहे: 'चेन आपोआप घट्ट झाली. सैल केली. कारण समजत नाही.'

घट्ट! आपोआप! घड्याळ मागे गेलं तरी मी समजून घेईन, पण चेन आखडत नाही गं. मी थंडीला दोष दिला, मग पट्टीला, मग डोळ्यांना. जानेवारीत कुणाला न सांगता डोळे तपासून आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे उत्तम आहेत. तेव्हा मी खरी घाबरले. डोळे ठीक तर मग बिघडलंय काय? फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा मोजलं, ढील सेंटिमीटरभरसुद्धा नव्हती. त्या वेळी मी ती सैल केली नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच मापावर विश्वास ठेवला नाही. १ मार्चला तेल घातलं आणि ढिलीला हात न लावता उठले. चार दिवसांनी चेन तुटली.

म्हणून बाळने विसरभोळी म्हटलं ते एवढं झोंबलं. ते मी स्वतःला आधीच म्हणून बसले होते.

पण त्याच्या पत्रात एक वाक्य आहे, माझी चेन 'दर वेळी' झोल खाते. तो माझ्या गाडीवर कधी बसला नाही. मग दर वेळी म्हणजे कोणकोणत्या वेळी? एक शनिवार आड तो येतो, चहा घेतो, आणि गच्चीवरची टाकी बघतो म्हणून अर्धा तास गायब होतो. जिना मात्र वाजत नाही.

मला दोन गोष्टी लिहून कळव. चेन तुटली त्या क्षणी तुझे हातपाय नेमके कुठे होते? आणि तो माझ्याकडून घरी आला की त्याची बोटं कशी असतात? निळ्या हेल्मेटचं मी त्याला काहीच सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

लोभ आहे, तो तुझ्या बाबतीत बिनतपासणीचा.

वन्सं


गुरुवार, १३ मार्च

ती. स्व. वन्संना शि. सा. न. वि. वि. पत्र झग्याच्या अस्तरात शिवून पाठवते आहे. झगा तुमच्या शेजारणीचा आहे, तेव्हा देण्याआधी उसवा.

पहिलं उत्तर. आपण चढाच्या पायथ्याशी थांबलो होतो. मी पहिला गिअर टाकला आणि क्लच हळू सोडायच्या ऐवजी एकदम सोडला. तुम्ही मागून ओरडलात, तोवर गाडीने धक्का खाल्ला, खाड्कन आवाज झाला आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. वन्सं, क्लच माझ्या हातून सुटला हे खरं आहे. तुम्ही मला बसने घरी पाठवलंत आणि ऊन खात एकट्या गाडी ढकलत गेलात. मी घरी पोचले तेव्हा हे गॅरेजकडे निघून गेले होते, माझी एक चप्पल घालून. तेव्हापासून मशीनवर बसले की पाय पायट्यावर ठेवायची भीती वाटते.

दुसरं उत्तर लिहिताना मात्र माझं डोकं दुखायचं थांबलं. बोटं काळी असतात! नखांत तेल. आल्याबरोबर साबणाने घासतात आणि खूश असतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले की ताईच्या गाडीची चेन लोंबत होती, गुपचूप ओढून आलो, तिला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल. मला वाटलं तुम्हाला चालत असेल. शिवाय नवऱ्याचं गुपित नणंदेला सांगायचं आणि नणंदेचं नवऱ्याला, असं मी सुरू केलं तर या घरात माझं डोकं ठिकाणावर राहायचं नाही.

म्हणजे बघा, ते घट्ट करत होते आणि तुम्ही सैल करत होतात. ते म्हणायचे ताई विसरते, तुम्ही म्हणायचात माझंच काही चुकतं. वर्षभर!

मला खरं तर आधीच कळायला हवं होतं. माझ्या शिलाईमशीनचा पट्टा ते असाच ओढून ठेवतात. पट्टा फार ताणला की मशीन जड चालतं, टाका ओढला जातो आणि माझी पोटरी भरून येते. ते अंघोळीला गेले की मी सैल करते. कुकरचं हँडल, नळाची चकती, माझ्या चष्म्याच्या काड्या, काही म्हणजे काही सुटत नाही. मागच्या महिन्यात बरणीचं झाकण उघडायला शेजारच्या पैलवानाला बोलवावं लागलं. अति तिथे माती, हे त्यांना कोण सांगणार?

वन्सं, सोमवारी २४ तारखेला सकाळी नऊला माझी पक्क्या परवान्याची परीक्षा आहे. तुमच्या गाडीशिवाय दुसरी गाडी मला येत नाही. एका बुधवारचा सराव कालच बुडाला. पण तुम्हाला विसरभोळं ठरवून मला परवाना नको. त्यांना सांगून टाका, निळ्या हेल्मेटचंसुद्धा. मी स्वतः सांगितलं असतं. ते नाही म्हणतील याची मला भीती नाही. हो म्हणतील याचीच आहे. हो म्हणतील आणि शिकवायला येतील. गाडीच्या बाजूने पळत येतील. परीक्षेला कुंपणाबाहेर उभे राहून हातवारे करतील. अठ्ठावन्न वर्षांत ही एकच गोष्ट आहे वन्सं, जी कुणी मागून धरलेलं नसताना मला येते.

माया पातळ करू नये, एवढंच मागते.

तुमची शिलाईवाली


रविवार, १६ मार्च

चि. बाळ यास अ. उ. आ. 'उ.' परत केला आहे. त्याचं कारण स्टूल आणि दोन वेगळ्या चपला. किल्लीबाबतचा माझा आक्षेप मात्र तसाच कायम आहे.

तपास पुरा झाला. काल, शनिवारी, तुला दार उघडलं नाही ते यासाठीच. अंगणात गॅरेजवाला आणि मी कामात होतो आणि मला प्रयोगात ढवळाढवळ नको होती. जुनी चेन तुटली त्याच दिवशी त्याने नवी बसवली आहे, ती आम्ही वापरली.

आधी ढील ठेवली अडीच सेंटिमीटर, पुस्तकात सांगितली आहे तेवढी. मी बसले, एकोणीस मिलिमीटर उरली. गॅरेजवाला मागे बसला, तेरा. मग चेन तुझ्या आवडीप्रमाणे ओढली, एक सेंटिमीटरवर. दिसायला झकास, लेथवरच्या कामासारखी. मी बसले, चार मिलिमीटर. तो मागे बसला आणि पट्टी लावायची गरजच उरली नाही. चेन लोखंडाच्या गजासारखी झाली. बोटाने हलेना. गॅरेजवाला खाली उतरून म्हणाला, की अशा चेनवर दोन माणसं बसवून चढावर एक धक्का दिला तर चेन तुटेल नाहीतर गिअरपेटीचं बेअरिंग जाईल, चेनचं लॉक, म्हणजे जोडकडी, तुटून गेलं हे उपकारच. शिवाय जुन्या चेनच्या कड्या एकाच अंगाने झिजल्या आहेत. तू चाकाचा डावीकडचा नट दोन खुणा ओढलास आणि उजवीकडचा एक, म्हणजे चाक तिरकं चालत होतं. लेथवर एवढी तिरपी बैठक तू कुणाला माफ केली असतीस का?

हो, तूच. एक शनिवार आड, टाकी बघतो म्हणून. तुला वाटायचं मी चेन ओढायची विसरते. मी ती पुस्तकाप्रमाणे सैल करायचे, तू येऊन पुन्हा घट्ट करायचास, आणि मला वाटायचं माझं मापच बिघडलं. बाळ, मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. रात्री पडल्या पडल्या जुन्या सहकाऱ्यांची नावं आठवून बघायचे, सगळी येतात का ते. हे तू केलंस हे तुला माहीत नव्हतं, म्हणून मी ओरडत नाही. पण एकदा विचारलं असतंस तर? ताई, चेन सैल का ठेवतेस, एवढंच. मीही विचारलं नाही, आपोआप घट्ट कशी होते ते. तिथे माझीही सही आहे. चुकतंय हे कबूल करायला मला लाज वाटली.

आता निळं हेल्मेट. ते तुझ्या बायकोचं आहे. आणि ती मागे बसली नव्हती, मागे मी होते. डिसेंबरपासून दर बुधवारी सकाळी दहा ते अकरा ती शिकते आहे. चढ, वळण, आठचा आकडा, सगळं येतं. क्लच एकदा सुटला, तो तुझासुद्धा सुटतो, आणि अडीच सेंटिमीटर ढील असती तर त्या धक्क्याने गाडी फक्त बंद पडली असती. तिचं तोंड बघ. दहा दिवस ती डोकेदुखीच्या नावाखाली हा दोष उशाशी घेऊन झोपते आहे. ऊठ आणि आधी ते सांग तिला.

तिने तुझ्यापासून का लपवलं ते विचारू नकोस, मीच सांगते. तू नाही म्हणशील म्हणून नव्हे. तू मदत करशील म्हणून. तुझ्या घरात बरणीचं झाकण उघडायला पैलवान लागतो, बाळ.

तिची परवान्याची परीक्षा सोमवारी, २४ मार्चला, सकाळी नऊला आहे, माझ्या गाडीवर. येता बुधवार हा शेवटचा सराव. तेव्हा दोन्ही किल्ल्या मंगळवारी दुपारच्या आत तिच्या हातात पडल्या पाहिजेत, माझ्या नव्हे. ती घेऊन येईल. पुढच्या शनिवारपासून तू यावंस. चहा मिळेल, पट्टी मिळेल, आणि चेनकडे आपण दोघं मिळून बघू. पाना मात्र मी देईपर्यंत हातात घ्यायचा नाही.

राहिला एक प्रश्न, त्याचं उत्तर लेखी हवं. सोमवारी सकाळी नऊ वाजता तू कुठे असशील? परीक्षेच्या मैदानाचं कुंपण, कुंपणापलीकडचं झाड, झाडामागची पानटपरी, ही तिन्ही उत्तरं बाद धरली जातील. उत्तरात सूचना नको, शुभेच्छा चालतील. 'क्लच' हा शब्द आला तर पत्र रद्द.

मुदत गुरुवार, २० मार्च, संध्याकाळी सहा. तुझ्या घरातल्या घड्याळाप्रमाणे, आणि ते बरोबर आहे, मी पाहिलं आहे. पत्र माझ्या नावाने नको, तिच्या नावाने लिही. चौतीस वर्षांच्या संसारात तू तिला एकही पत्र लिहिलेलं नाहीस असं ती म्हणते. टपालाला उशीर झाला ही सबब चालणार नाही. ती पुढच्या खोलीत मशीनवर बसलेली असते.

ताई